वीस सेकंदांचा जोर, दहा सेकंदांची उसंत

ज्युदोची लढत 4 मिनिटांची असते, तायक्वांदोची एक फेरी 2 मिनिटांची, तर फ्रीस्टाइल कुस्तीची फेरी 3 मिनिटांची. आकडे ऐकायला किरकोळ वाटतात. पण रोज सकाळी पाच किलोमीटर आरामात धावणारा माणूसही मॅटवर उतरला की दुसऱ्याच मिनिटाला धापा टाकू लागतो. याचे कारण असे की, लढतीत एकसारखी हालचाल नसते. काही सेकंदांची जोरदार झटापट, मग पवित्रा घेऊन प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेणे आणि लगेच पुन्हा झटापट, असा तो तुटक खेळ असतो.

अशा झटापटीसाठी लागणारी ऊर्जा स्नायूंमधील एटीपी या रेणूतून मिळते. त्याचा साठा जेमतेम दोन-तीन सेकंद पुरतो. तो संपू नये म्हणून क्रिएटिन फॉस्फेट नावाचा दुसरा साठा मदतीला येतो, पण पूर्ण ताकद लावल्यास तोही दहाएक सेकंदांत बराचसा आटतो. त्यानंतर मुख्य भार ऑक्सिजनविना होणाऱ्या ग्लुकोजच्या विघटनावर येतो आणि पाय जड होऊ लागतात. मात्र बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढेच आहे. आटलेला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा उसंतीच्या वेळात पुन्हा भरला जातो तो ऑक्सिजनच्या जोरावर. साधारण अर्ध्या मिनिटात तो निम्मा भरतो आणि पूर्ण भरायला काही मिनिटे लागतात. म्हणजेच दमसास चांगला असलेल्या खेळाडूची पहिली लाथ इतरांपेक्षा जोरदार असेलच असे नाही, पण त्याची विसावी लाथ पहिलीच्या जवळपास राहते.

ऑक्सिजनविना जोर लावण्याची आणि ऑक्सिजन वापरण्याची, या दोन्ही क्षमता एकाच व्यायामाने वाढू शकतात, हे जपानमधील इझुमी ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसून आले. व्यायामाची ही पद्धत मुळात जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक कोइची इरिसावा यांची. ताबातांनी ती प्रयोगशाळेत तपासली. एका गटाने आठवड्यातून 5 दिवस तासभर मध्यम गतीने सायकल चालवली, तर दुसऱ्या गटाने 20 सेकंद जीव तोडून आणि 10 सेकंद विश्रांती, अशी सात-आठ आवर्तने बहुतेक दिवशी केली. सहा आठवड्यांनंतर ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत वाढली. ऑक्सिजनविना काम करण्याची क्षमता मात्र फक्त दुसऱ्या गटात वाढली, आणि तीही 28 टक्क्यांनी.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. त्या प्रयोगातील भार इतका होता की सात-आठ आवर्तनांनंतर ठरलेली गती राखणे अशक्य व्हावे. चार मिनिटे संपल्यावर ज्याला गप्पा मारता येतात, त्याने घड्याळ ताबातांचे वापरले, व्यायाम मात्र निराळाच केला. त्यात काही गैर नाही, फक्त त्या 28 टक्क्यांवर हक्क सांगू नये. या व्यायामानंतर दिवसभर चरबी जळत राहते, हा दावाही बराच फुगवलेला आहे. नंतरचा जादा ऊर्जाखर्च असतो, पण तो माफक असतो.

घरी करताना हालचाली साध्या निवडाव्यात. जागच्या जागी गुडघे उचलून धावणे, बैठका, जोर, सरळ ठोशांची मालिका आणि उभ्या स्थितीतून पाय मागे फेकून छातीवर येऊन पुन्हा उठणे एवढे पुरे. सहाव्या आवर्तनाला आरशात पाहिले तर हनुवटीपाशी असायला हवा तो हात छातीपर्यंत घसरलेला दिसतो. अशा अवस्थेत फिरकी लाथ घोटवली तर चुकीचीच लाथ अंगात मुरते आणि गुडघ्याला इजा होण्याचा धोका वेगळाच. अवघड डाव ताज्या अंगानेच शिकावेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी उड्या टाळाव्यात. खालच्या मजल्याशी संबंध आणि स्वतःचे घोटे, दोन्ही शाबूत राहतात.

आधी आठ-दहा मिनिटे अंग गरम करावे आणि जोर लावताना श्वास कोंडू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम वाढतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा इतिहास असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय याला हात लावू नये. ताबातांच्या प्रयोगातील मंडळी तरुण आणि शारीरिक शिक्षणाची विद्यार्थी होती. इतरांनी 30 सेकंद काम आणि 60 सेकंद उसंत येथून सुरुवात करून आठवड्यातून दोन-तीनदाच, मध्ये किमान एक दिवस सोडून, हा व्यायाम करावा.

प्रगती मोजायला महागडे घड्याळ लागत नाही. पहिल्या आवर्तनात किती ठोसे मारले आणि शेवटच्या आवर्तनात किती, हे दोन आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. सुरुवातीला त्यांच्यात मोठी तफावत असते. ती कमी होऊ लागली, आणि तीही पहिला आकडा न घसरता, तरच उसंतीचा वेळ खरोखर कामी येऊ लागला असे समजावे.