स्नो व्हाइट डिझाइनशैली

ॲपल कंप्युटर या अमेरिकी कंपनीने १९८४ पासून १९९० च्या सुमारापर्यंत संगणक, मॉनिटर, प्रिंटर, कीबोर्ड अशा आपल्या निरनिराळ्या उपकरणांच्या बाह्यांगासाठी वापरलेली समान डिझाइनशैली. हार्टमुट एस्लिंगर हे जर्मन डिझाइनर आणि त्यांची फ्रॉगडिझाइन ही संस्था यांनी ती घडवली. कंपनीचे वेगवेगळे विभाग तोवर आपापली यंत्रे स्वतंत्रपणे आखत असत, त्यामुळे शेजारी ठेवलेली दोन यंत्रे एकाच घरची वाटत नसत. ही विसंगती दूर करण्यासाठी कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्झ यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये नव्या डिझाइनरचा शोध सुरू झाला. आखायच्या सात उत्पादनांना स्नो व्हाइट या राजकन्येच्या परीकथेतील सात बुटक्यांची नावे देण्यात आली होती आणि त्यावरून प्रकल्पाला ‘स्नो व्हाइट’ हे नाव मिळाले.

या शैलीची सर्वांत ठळक खूण म्हणजे कवचावर ओळीने कोरलेल्या समांतर खाचा. प्रत्येक खाच साधारणतः २ मिमी रुंद व २ मिमी खोल असून दोन खाचांच्या मध्यांतील अंतर १० मिमी ठेवलेले असे. काही खाचा आरपार असून त्यांतून आतली गरम हवा बाहेर पडे, तर काही केवळ पृष्ठभागावरच्या असत, पण दुरून पाहताना हा फरक कळत नसे. हवेच्या झरोक्यांना सजावटीपासून वेगळे न ठेवता दोन्हींसाठी एकच रेघ वापरणे हेच या शैलीचे खरे सामर्थ्य मानावे लागेल. खाचांमुळे मोठा पृष्ठभाग विभागला जाऊन यंत्र आहे त्यापेक्षा लहान भासे, हा आणखी एक लाभ.

भिंतींचा काटकोन ही दुसरी खूण होय आणि ती साधणे कितीतरी अवघड होते. साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरून वस्तू घडवताना ती सहज सुटावी म्हणून तिच्या बाजूंना थोडा उतार देतात. रोजच्या वापरातली प्लॅस्टिकची बादली तळाशी निमुळती असते, त्यामागे हेही एक कारण असते. बाजू सरळ उभ्या आणि त्यांवर खाचा असतील, तर मोदकाच्या साच्याप्रमाणे साचाच उघडणारा करावा लागतो. असे साचे महाग पडत असूनही कंपनीने तो खर्च स्वीकारला. शेजारी किंवा एकावर एक ठेवलेली उपकरणे एकमेकांना नेमकी भिडतात, ती या काटकोनामुळेच.

यांखेरीज फिक्या, एकसारख्या रंगाचे कवच, त्यात पृष्ठभागाशी समतल बसवलेले रंगीत बोधचिन्ह आणि मागील जोडण्यांजवळ शब्दांऐवजी कोरलेली चित्रचिन्हे हेही तपशील समान असत. चित्रचिन्हांमुळे एकच कवच कोणत्याही देशात विकता येई.

एप्रिल १९८४ मध्ये बाजारात आलेला ॲपल टू-सी हा या शैलीतील पहिला संगणक. त्यात पंखा नव्हता. कीबोर्डमागच्या भागावर पुढून मागे धावणाऱ्या खाचांतून उष्णता वर निघून जाई. उचलून नेण्याची मागची मूठ खाली वळवली की तीच टेकू होऊन यंत्र पुढे कलते राही आणि हवेला वाट मिळे. त्याच वर्षीचा पहिला मॅकिंटॉश, म्हणजे ॲपलच्या दुसऱ्या संगणक-घराण्यातील पहिले यंत्र, मात्र या शैलीत नव्हता, कारण त्याचे रूप आधीच ठरले होते. त्या घराण्यात तिचा पूर्ण प्रत्यय मार्च १९८७ मधील मॅकिंटॉश एसई व मॅकिंटॉश टू यांत येतो. दरम्यान १९८६ च्या ॲपल टू-जीएसपासून ‘प्लॅटिनम’ हा करडा रंग रूढ झाला. त्याच यंत्राबरोबर आलेली कीबोर्ड व माऊस जोडण्याची पद्धत पुढे मॅकिंटॉशनेही स्वीकारल्याने ॲपल टू व मॅकिंटॉश या दोन घराण्यांत ही साधने अदलाबदल करून वापरता येऊ लागली. दिसण्यातल्या सारखेपणाला इथे कामातल्या सारखेपणाची जोड मिळाली.

जॉब्झ १९८५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले व पुढे एस्लिंगर यांनी त्यांच्या नेक्स्ट कंपनीसाठी १९८८ चा काळा घनाकृती संगणक आखला. ॲपलमध्ये रॉबर्ट ब्रनर यांच्या नेतृत्वाखाली कंपनीचा स्वतःचा डिझाइन विभाग उभा राहिल्यावर ‘एस्प्रेसो’ ही अधिक वळणदार शैली प्रचारात आली.

या काळातील कवचांचे प्लॅस्टिक प्रकाश व उष्णता यांमुळे पिवळे पडते, आणि प्रत्येक भाग सारख्या गतीने पिवळा पडत नाही. एकाच रंगात घडवलेला संगणक, त्याचा मॉनिटर आणि कीबोर्ड आज संग्राहकांकडे तीन वेगळ्या छटांत आढळतात. त्यांच्यावरील खाचा मात्र अजूनही एकमेकींशी जुळतात.