मनगटाचं फ्यूजन: ‘अर्धं’ म्हणजे छोटं ऑपरेशन नव्हे

“पूर्ण नको, अर्धंच करा असं सांगून आलोय डॉक्टरांना.” ठाण्याच्या नौपाड्यात फिजिओथेरपी करताना हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते.

मनगटाचा सांधा झिजून दुखतो तेव्हा हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकतात, ते फ्यूजन. पूर्ण फ्यूजन बहुतेकांना माहीत असतं. कोपर ते मनगटातलं मोठं हाड, मनगटातली हाडं आणि मधल्या बोटामागचं हाड प्लेट लावून एकजीव करतात. मनगट वर-खाली वाकत नाही. पण हात लाकूड होतो, हे साफ खोटं. बोटं चालतात. तळहात उताणा-पालथाही होतो, कारण ते फिरणं कोपर ते मनगटातल्या दोन हाडांचं असतं. तीर्थ घेता येतं. नमस्कार करताना मात्र कोपरं खाली सोडावी लागतात.

अर्ध्या फ्यूजनचा नेहमीचा प्रकार असा: मनगटातलं स्कॅफॉईड नावाचं हाड काढून टाकतात आणि ल्युनेट, कॅपिटेट, हॅमेट, ट्रायक्वेट्रम ही मनगटातलीच चार हाडं एकमेकांत जोडतात. साधारण निम्मी हालचाल उरते.

घोळ होतो तो इथेच. ही उरलेली हालचाल येते कुठून? वाटीत लिंबू बसावं तसं ल्युनेट हाताच्या मोठ्या हाडाच्या खळग्यात बसतं, आणि चार हाडं जोडल्यावर मनगटाची हालचाल आणि बहुतेक भार याच एका जागेवर येतो. तिथली कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) शाबूत असेल तर अर्धं फ्यूजन उत्तम. ती झिजलेली असेल, तर नेमका दुखणारा सांधाच तुम्ही चालू ठेवलात. म्हणजे अर्धं की पूर्ण, हे दुखणं किती आहे यावर ठरत नाही, झीज कुठे आहे यावर ठरतं.

जुन्या, न जुळलेल्या स्कॅफॉईडच्या फ्रॅक्चरमध्ये झीज स्कॅफॉईडच्या बाजूने सुरू होते आणि ल्युनेटचा खळगा बहुधा वाचतो. आमवातात तो अनेकदा आधीच गेलेला असतो. कधी कधी सांधा उघडून बघितल्यावरच खरी स्थिती कळते. म्हणून ‘आत कूर्चा खराब निघाली तर काय करणार?’ हे सर्जनना आधीच विचारा. अर्ध्याचं पुढे पूर्ण करता येतं. पूर्ण केलेलं परत अर्धं होत नाही.

प्लास्टर, टाके यांची चिंता सोडा. सिगारेट-बिडी मात्र बंदच, हाड जुळायला ती आड येते. यावर मी कुणाचंच ऐकत नाही.

वागळे इस्टेटमधले एक टर्नर काका माझ्याकडे आले होते. तरुणपणी हातावर पडले, ‘मुरगळलंय’ म्हणून तेल चोळत राहिले. त्यांनाही अर्धंच हवं होतं. एक्स-रेवर ल्युनेटखालची फट मी पेनाने दाखवली: उरलेलीच नव्हती, हाडावर हाड. भार उचलणारा हात आणि खळगा गेलेला. अशा वेळी माझं मत निःसंकोच पूर्ण फ्यूजनचं. ते त्यांनी केलं. परवा माझ्या टेबलावरचा पाण्याचा भरलेला जग त्याच हाताने उचलून त्यांनी ग्लास भरला. मनगट हललं नाही, दुखलंही नाही.