अभ्यासगट (ग्रामसभा चळवळ)

अभ्यासगट : गावापुढच्या प्रश्नाची माहिती काढणारा, कायदे व कागदपत्रे वाचून त्यांवर चर्चा करणारा, पण निर्णय न घेणारा गावकऱ्यांचा अनौपचारिक गट. पूर्व विदर्भात, मुख्यतः गडचिरोली जिल्ह्यात, ही पद्धत रुजली. गटाला नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. ज्याला समजून घ्यायचे आहे तो येऊन बसतो. बाहेरचा जाणकारही चालतो, मात्र त्याने सांगायचे आणि थांबायचे. ठरवायचे ते ग्रामसभेने.

१९८०च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन झाले. त्या वातावरणात धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावी गावातलेच देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासातून या पद्धतीला आकार आला. (मेंढा-लेखा असे जोडनाव रूढ असले तरी लेखा हे शेजारचे वेगळे गाव.) ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. गोंडीत ती आणखी आटोपशीर आहे : ‘मावा नाटे मावा राज’.

मेंढ्याची ग्रामसभा मतदान घेत नाही. एकाचाही विरोध असला की विषय पुढच्या बैठकीवर जातो आणि मधल्या काळात अभ्यासगट त्यावर पुन्हा बसतो. पाहुण्याला हे चऱ्हाट वाटते. शंभरेक घरांच्या गावात मात्र हरलेली बाजू शेजारच्याच अंगणात राहते आणि त्याच जंगलात जाते. जंगल राखायचा ठराव चार घरांनी मनातून मानला नाही, तर कुऱ्हाड चालणारच.

या अभ्यासाचा कस बांबूवर लागला. वनहक्क कायदा (२००६) झाल्यावर २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचा व राखण्याचा साऱ्या गावाचा हक्क, मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांत त्याची गणना होते. हक्क मिळाला, पण तोडलेला बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वन विभागाच्याच हाती राहिला. १९२७च्या वन कायद्यानुसार बांबू हे ‘झाड’ होते, नव्या कायद्यात ते गौण वनोपज, म्हणजे लाकडाखेरीजचा जंगलातला माल, ज्यावर गावाचा हक्क. गवताच्या कुळातल्या वनस्पतीवरून एवढा वाद व्हावा, हे नवलच! गावाने कायद्याचे कलम पुढे करून पाठपुरावा केला आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव, अमरावती जिल्ह्यातील पायविहीर अशा गावांतही वनहक्काच्या बळावर ग्रामसभा उभ्या राहिल्या, तर कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. वनहक्काच्या सभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया हव्यात, या नियमामुळे बायकांना बोलावणे भागच पडले. पश्चिम विदर्भाच्या कापूसपट्ट्यात ही पद्धत तितकी दिसत नाही. तिथे राखायला जंगल कमी आणि माल वैयक्तिक सातबाऱ्यावरचा.

आता अभ्यासाचे विषयही बदलले आहेत. तेंदूपत्त्याचा (विडीच्या पानांचा) लिलाव, ठेकेदाराशी करारनामा, सत्तर पानांच्या पुड्यांची मोजदाद, ग्रामसभेचे पॅन कार्ड, बँक खाते, आणि भाव पडल्यावर ठेकेदाराने थकवलेली रॉयल्टी वसूल कशी करायची.