दातावर दात टेकले म्हणजे चावा बरोबर?

चावा म्हणजे तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण. ‘वरचे-खालचे दात कडेला कड लागून जुळले की चावा चांगला’, असं घरोघरी सांगतात. ते खरं नाही. फोटोसाठी ‘ई’ करताना मुलं खालचा जबडा थोडा पुढे सरकवतात, म्हणून दात तसे दिसतात. निरोगी चाव्यात वरचे पुढचे दात खालच्यांना दोन-तीन मिलिमीटर झाकतात, डब्याच्या झाकणासारखे.

आणि चाव्याचा वर्ग, म्हणजे प्रकार, ठरतो तो दाढेवरून. अमेरिकेतले दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडलेली पद्धत दंतवैद्य आजही वापरतात. आवंढा गिळा, दाढा मिटा, बोटाने गाल ओढून आरशात बघा. वरच्या पहिल्या कायमच्या दाढेचं गालाकडचं पुढचं टोक खालच्या पहिल्या कायमच्या दाढेच्या खाचेत बसलं, तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा, पुढे गेली तर तिसरा. पहिल्या वर्गातही पुढचे दात वेडेवाकडे असू शकतात!

ही पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दुधाचा दात न पाडता, मागे गुपचूप उगवते. दुधाचीच समजून ती किडू दिली जाते, याचं फार वाईट वाटतं. ती गेली की दुसरी येत नाही.