बेल्जिका अंटार्क्टिका

बेल्जिका अंटार्क्टिका हे डिप्टेरा (द्विपंखी) गणाच्या कायरोनोमिडी कुलातील पंखहीन चिलट असून अंटार्क्टिक द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा आणि लगतची बेटे एवढ्याच प्रदेशात ते आढळते. दोन ते सहा मिमी. लांबीचा हा कीटक त्या खंडावर बाराही महिने जमिनीवरच राहणारा सर्वांत मोठा प्राणी होय. पेंग्विन व सील आकाराने कितीतरी मोठे खरे, पण त्यांचे पोट समुद्रावर चालते. १८९७–९९ मधील बेल्जियन मोहिमेत त्याचे नमुने गोळा झाले व १९०० मध्ये शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. प्रजातीचे नाव मोहिमेच्या ‘बेल्जिका’ या जहाजावरून आले आहे.

याचे जीवनचक्र दोन वर्षांचे असते आणि त्यातला जवळजवळ सगळा काळ अळीच्या चार अवस्थांमध्ये जातो. शेवाळ, हरिता (मॉस) आणि पेंग्विनांच्या वसाहतींजवळची ओलसर माती यांत अळ्या राहतात व कुजलेल्या जैव पदार्थांवर जगतात. प्रौढ कीटक उन्हाळ्यात थोडेच दिवस जगतो. मादी अंडी जेलीसारख्या गोळ्यात घालते व त्यामुळे ती लवकर सुकत नाहीत. हिवाळ्याला तोंड देण्याचे काम मात्र अळीचे असते.

हा कीटक कमालीची थंडी सोसतो, असा समज सर्रास आढळतो. तो जपूनच स्वीकारायला हवा. अलास्कातील उपिस सेरॅम्बॉइडिस हा भुंगेरा शरीर गोठल्यावरही −६०° से. पर्यंत तग धरतो, तर बेल्जिकाची अळी −२०° से. ला मरते. तिला त्याहून अधिक क्षमतेची गरजही पडत नाही, कारण बर्फाच्या थराखालच्या मातीचे तापमान भर हिवाळ्यातही सहसा −७° से. च्या खाली उतरत नाही. तिचे खरे वैशिष्ट्य पाणी गमावण्याच्या क्षमतेत आहे : शरीरातील सुमारे ७० टक्के पाणी गेले तरी ती जगते, आणि थंडीपासून बचावासाठी ती याच क्षमतेचा उपयोग करते.

एकाच तापमानाला बर्फावरील बाष्पदाब (वाफेचा दाब) हा न गोठता शून्याखाली गेलेल्या पाण्यावरील बाष्पदाबापेक्षा कमी असतो. त्यामुळे चहूबाजूंनी बर्फ असलेल्या पोकळीतील अळीच्या पातळ त्वचेतून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर पडून बर्फावर जमा होते. अळी सुरकुतते, उरलेला द्रव घट्ट होतो, त्याचा गोठणबिंदू खाली जातो व गोठण्यासारखे पाणी शरीरात राहत नाही. या प्रक्रियेला शीतरक्षक निर्जलीकरण म्हणतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अळ्यांना बर्फाशी समतोल असलेल्या हवेत −३° से. पर्यंत सावकाश थंड केले, तेव्हा त्यांचे सुमारे ४० टक्के पाणी गेले, शरीरद्रवाचा वितळणबिंदू −२.६° से. पर्यंत उतरला आणि चौदाव्या दिवशीही ९५ टक्क्यांहून अधिक अळ्या जिवंत होत्या. मात्र माती फार ओली असेल, तर बर्फाचे स्फटिक अळीच्या अंगाला थेट भिडतात, त्यांच्या स्पर्शाने तिचे शरीरही गोठू लागते आणि सुकण्याला अवधी मिळत नाही. अशा वेळी गोठणे सहन करण्याची दुसरी क्षमता उपयोगी पडते. तीच अळी एका वर्षी सुकून, तर दुसऱ्या वर्षी गोठून हिवाळा काढू शकते; कोणता मार्ग घ्यायचा हे बहुतांशी मातीतील ओलावा ठरवतो.

दोन्ही मार्गांत पेशीवर येणारे संकट एकच असते. पेशींबाहेर बर्फ तयार झाला, तरी तो आतले पाणी ओढून घेतो; म्हणजे गोठणे हेही पेशीच्या दृष्टीने सुकणेच. यामुळेच ट्रेहॅलोज ही शर्करा आणि ग्लिसरॉल ही द्रव्ये दोन्ही प्रसंगी पेशीपटलांना व प्रथिनांना सांभाळतात, आणि सावकाश सुकवलेल्या अळ्या नंतरचे गोठणेही अधिक चांगले सोसतात. इतर बहुतेक प्राणी ताण आल्यावरच तयार करतात ती उष्माघात प्रथिने या अळीत सतत तयार होत असतात. प्रथिनांची घडी बिघडू न देणे हे त्यांचे काम.

याच कुलातील आफ्रिकेतील पॉलिपेडिलम व्हॅंडरप्लँकी या चिलटाने निर्जलीकरण टोकाला नेले आहे. खडकांवरील उथळ डबकी आटली की त्याच्या अळीत जेमतेम ३ टक्के पाणी उरते, ट्रेहॅलोज काचेसारखे घट्ट होते व चयापचय थांबतो. १९६० मध्ये कीटकशास्त्रज्ञ हिंटन यांनी दाखवले, की अशी कोरडी अळी −२७०° से. तापमानातून काढून पाण्यात टाकली असता पुन्हा जिवंत होते. बेल्जिकाची अळी इतकी सुकत नाही आणि तिचा चयापचयही पूर्ण थांबत नाही.

बेल्जिकाचा जीनोम (पेशीतील संपूर्ण डीएनए) २०१४ मध्ये उलगडला गेला. तो डीएनएच्या सुमारे ९.९ कोटी आधारक जोड्यांचा (म्हणजे डीएनए साखळीतील घटकांच्या जोड्यांचा) असून तोवर ज्ञात असलेल्या कीटक जीनोमांत सर्वांत लहान ठरला. जनुकांची संख्या मात्र इतर माश्यांच्या तुलनेत फारशी कमी नाही.

हिवाळा सौम्य झाला तर या कीटकाला तो सोपा जाईल, असे वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. −१° से. च्या आसपास सहा महिने ठेवलेल्या अळ्यांचा चयापचय अधिक वेगाने चालतो, साठवलेली ऊर्जा वसंतापूर्वीच खर्च होते, आणि अधिक थंडीत ठेवलेल्या अळ्यांच्या मानाने त्या कमी संख्येने जगतात.