घटातलं पिवळं धान

नवरात्रात आमचा घट बसतो तो देवघराच्या कोपऱ्यात, जिथे भर दुपारीही समईशिवाय काही दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी त्या भिंतीला ओल आली, म्हणून घट पुढच्या खोलीत खिडकीशी बसवला. नवव्या दिवशी धान आलं ते हिरवंगार, पण जेमतेम चार बोटं, आणि सगळंच्या सगळं खिडकीकडे कललेलं. आईचा चेहरा उतरला. "आपल्याकडे पिवळंधम्मक, वीतभर धान येतं. यंदा काहीतरी राहिलं." इंदूरला रामबागेत तीन पिढ्या काढलेल्या घरात असली गोष्ट सहजासहजी मिटत नाही. मला मात्र त्या हिरव्या धानात पिवळ्याचा उलगडा दिसत होता.

साठवणीतल्या गव्हात पाण्याचा अंश असतो दहा-बारा टक्के. तेवढ्यावर दाणा मेलेला नसतो, पण जगतोय म्हणावं तर हालचाल जवळजवळ शून्य. पत्रावळीवरच्या काळ्या मातीत त्याला पाणी मिळालं की तो फुगतो. हे फुगणं काही जिवंतपणाचं लक्षण नव्हे. उकडून मारलेला दाणा वाळवून पुन्हा भिजवला तरी फुगेलच. जीव असल्याची खूण वेगळी असते. उसळीसाठी बांधून ठेवलेल्या मटकीच्या पुरचुंडीत रात्री बोट घालून बघा, आत कोमट लागेल. दाणे श्वास घेऊ लागलेले असतात आणि साठवलेलं अन्न जाळताना थोडी ऊब बाहेर पडते. म्हणून तर पुरचुंडी निथळून ठेवायची. पाण्यात बुडवून ठेवली तर मटकी गुदमरते आणि आंबते.

गव्हाच्या दाण्यात अंकुर असतो टोकाशी, टाचणीच्या डोक्याएवढा. बाकी सगळा पिठाचा साठा, म्हणजे त्याची शिदोरी. पण पीठ जसंच्या तसं अंकुराला खाता येत नाही. मग तो जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते सालीलगतच्या पातळ थरापर्यंत पोचलं की तिथल्या पेशी विकरं तयार करतात आणि ती पिठाची साखर करू लागतात. मोड आलेला गहू चावून बघितलात तर गोडवा लगेच कळतो. या जिबरेलिनचा सुगावा लागला तो मात्र जपानी शास्त्रज्ञांना, भाताच्या एका रोगातून. त्या रोगात रोपं भराभर उंच वाढत आणि लोळत. 1926 मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं, की हा उंचीचा उद्योग एका बुरशीने सोडलेल्या द्रव्याचा आहे.

आधी बाहेर पडतं ते मूळ. आई मूठभर गहू मातीवर पसरते, कुठला दाणा उताणा, कुठला पालथा. मुळं सगळी खालीच वळतात. 1806 मध्ये थॉमस नाइट या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने फिरत्या चाकाला बिया बांधल्या, तेव्हा मुळं चाकाच्या बाहेरच्या अंगाला वाढली आणि कोंब आतल्या. मूळ ओढीची दिशा ओळखतं, मग ती ओढ पृथ्वीची असो की चाकाची. मुळाच्या टोकाशी काही पेशींत पिठाचे जड कण असतात. ते तळाशी बसतात आणि खाली कुठे हे मुळाला त्यावरून कळतं.

आता आईच्या तक्रारीचा मुद्दा. कोंबाला आपण कुठे आहोत हे ठाऊक नसतं. उजेड नाही याचा त्याच्या लेखी एकच अर्थ: अजून डोक्यावर माती आहे. आईचं देवघर त्याला जमिनीखालचंच वाटतं. मग उरलीसुरली शिदोरी तो एकाच कामाला लावतो, उंची वाढवायच्या. हिरवेपणावर खर्च करण्यात अर्थ नसतो. अंधारात हरितद्रव्य वापरायचं कशासाठी? शिवाय गव्हात ते तयार होण्याची शेवटची पायरी उजेडाशिवाय पुरीच होत नाही, आणि समईचा मिणमिणता उजेड त्याला फारच तोकडा. उरतात ती पिवळी रंगद्रव्यं. म्हणजे वीतभर पिवळं धान हे मातीतून बाहेर पडण्यासाठी धडपडणारं, उपाशी होत चाललेलं रोप. खिडकीतल्या धानाला पहिल्या दिवशीच कळलं, की आपण बाहेर आहोत. त्याने उंची सोडली आणि पानं हिरवी केली. आणि ते कलणं? गवताच्या कोंबावर टोपी चढवून चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये दाखवलं, की उजेड जाणवतो तो टोकाला आणि वाक येतो खाली.

हाच हिशेब माळव्यात शेतकऱ्याच्या पैशाशी येऊन भिडतो, सोयाबीनच्या पेरणीत. सोयाबीनचा कोंब टोक पुढे करून वर येत नाही. आकड्यासारखा वाकतो, वाकलेल्या मानेने माती ढकलतो आणि जाड दळं, म्हणजे दाण्याच्या दोन डाळी, मागून ओढून आणतो. उजेड लागला की मान सरळ. पेरल्यावर जोराची सर येऊन वर कडक ऊन पडलं, तर काळ्या मातीवर पापडी धरते आणि ती मान खालीच मोडते. म्हणून बी तीन-चार सेंटिमीटरहून खोल टाकायचं नाही. बियाण्याची सालही फार पातळ. पोती आपटली तर आतला अंकुर दुखावतो आणि वरून काहीच दिसत नाही. जाणते शेतकरी पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात. सत्तर तरी चांगले उगवले, तर ते बी पेरायचं.

जे उगवत नाहीत ते सगळे मेलेलेच असतात असंही नाही. मटकीत चार-दोन गणंग निघतातच, रात्रभर भिजूनही दगडासारखे. दातांखाली आला की आपण शिव्या घालतो, पण त्याची साल पाणी आत घेत नाही एवढंच. सगळ्या बिया एकाच पावसाला उगवल्या आणि मागून पावसाने ओढ दिली, तर सगळ्याच जातील. काही मागे राहतात. ऊन-पावसाने साल सैल पडली की त्यांची पाळी.

आई गणंग वेचून गॅलरीतल्या कुंडीत फेकते. गेल्या जुलैत त्या कुंडीत मटकीचे तीन वेल उगवले होते. आईने ते उपटले नाहीत.