लिपोपॉलिसॅकराइड व वनस्पतींची प्रतिरक्षा

ग्रॅम-ऋण (पेशीभोवती आणखी एक बाह्य पटल असलेल्या) जीवाणूंच्या त्या पटलातील लिपोपॉलिसॅकराइड (एलपीएस) या रेणूची चाहूल लागताच वनस्पती-पेशींत सुरू होणारी संरक्षक प्रतिक्रिया. एलपीएसचे तीन भाग असतात: पटलात रुतलेले लिपिड-ए, शर्करांचा गाभा व बाहेर पसरलेली ओ-शृंखला. जीवाणूची ओळख पटवणाऱ्या इतर खुणांमध्ये फ्लॅजेलीन (जीवाणूच्या शेपटीसारख्या कशाभिकेतील प्रथिन), ईएफ-टीयू (प्रथिननिर्मितीत मदत करणारे प्रथिन) व पेप्टिडोग्लायकन (पेशीभित्तीचा घटक) यांचा समावेश होतो.

या अभ्यासाचे मूळ साधारणपणे 1965 पर्यंत मागे नेता येते. उष्णतेने मारलेले जीवाणू तंबाखूच्या पानात आधीच सोडले, तर पुढे होणाऱ्या जिवंत जीवाणूंच्या संसर्गापासून पानाचे रक्षण होते, असे लव्हरेकोविच व फार्कश यांना त्या वर्षी आढळले. हा परिणाम घडवणारा घटक म्हणून ग्रॅहम, सेक्वेरा व हुआंग यांनी 1977 मध्ये एलपीएसकडे बोट दाखवले.

एलपीएस ओळखणाऱ्या ग्राहीचा, म्हणजे पेशीवरील संवेदक प्रथिनाचा, प्रश्न मात्र वादग्रस्त ठरला. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीतील ‘लोर’ हा ग्राही-कायनेज (संकेत पेशीत पुढे पोहोचवणारा ग्राही) एलपीएस ओळखतो, असे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लिपिड-ए हाच महत्त्वाचा भाग मानला होता. सस्तन प्राण्यांतील टीएलआर-4 हा प्रतिरक्षा-ग्राही देखील लिपिड-एच ओळखत असल्याने हे मत सहज पटण्याजोगे होते. 2019 मध्ये त्याच गटातील संशोधकांसह झालेल्या कामातून वेगळेच चित्र पुढे आले. एलपीएस काटेकोरपणे शुद्ध केल्यावर लोरमार्फत होणारी प्रतिक्रिया उरली नाही. ती घडवत होती एलपीएसच्या नमुन्यांत मिसळून राहिलेली, मध्यम लांबीची मुक्त 3-हायड्रॉक्सी वसाम्ले. त्यांत दहा कार्बनांचे आम्ल सर्वांत प्रभावी. लोरपुरता हा पुरावा अधिक भक्कम वाटतो, आणि नमुन्याच्या शुद्धतेची खात्री नसलेले जुने प्रयोग त्या प्रकाशात पुन्हा तपासणे अगत्याचे आहे. भाताला तोच निष्कर्ष सरसकट लावता येत नाही: तेथील एलपीएस-प्रतिक्रियेसाठी ओएस-सर्क-1 हा वेगळा ग्राही आवश्यक असल्याचे 2017 मध्ये दिसून आले.

प्रतिक्रियेत पेशीद्रवातील कॅल्शियम वाढते, क्रियाशील ऑक्सिजन व नायट्रिक ऑक्साइड तयार होतात, पेशीभित्तीवर कॅलोज (भित्ती बळकट करणारी बहुशर्करा) साचते. पर्णरंध्रांचे (पानावरील सूक्ष्म छिद्रांचे) मिटणे विशेष लक्षणीय, कारण पानात शिरण्याची जीवाणूंची ती एक प्रमुख वाट आहे. अ‍ॅराबिडॉप्सिसची रंध्रे एलपीएसच्या नमुन्यानेही मिटतात, असे 2006 मध्ये दाखवले गेले.

सहजीवी जीवाणूंच्या बाबतीत परिणाम उलटा दिसतो. लसूणघासाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सायनोरायझोबियम मेलिलोटीचे एलपीएस यजमानाच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतील क्रियाशील ऑक्सिजन तयार करण्याची प्रतिक्रिया दडपते.